बर्फाचं विरजण

६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी प्रयोगशाळेत तोंड पाडून फिरते आहे. बटाट्याचं हे शेवटचं पीक, वसंतात खालचं शेत गवताला सोडणार आणि तळघरातलं बेणं शिजवून खाऊन टाकणार, असं तू लिहिलंस. तेही मधल्या ओळीत, भिंतीला रंग कुठला दिला आणि काकांच्या गुडघ्याचं काय झालं यांच्या अधेमधे. मी ती ओळ दोनदा वाचली आणि नंतर रागच आला.

पट्टेवाल्या भुंगेऱ्यांनी दोन उन्हाळे तुझं शेत खाल्लं, हे मला माहीत आहे. औषध त्यांना आता चहासारखं लागतं, हेही माहीत आहे. पण मी इथे काय करते, असं तू दर भेटीत विचारतेस आणि मी किडे गोठवते एवढंच सांगून मोकळी होते, ते आज नीट सांगते. तुझे पट्टेवाले हिवाळ्याआधी पोट रिकामं करतात आणि मातीत खाली जाऊन झोपतात. शून्याखाली गेलं म्हणजे पाणी लगेच गोठतं असं नाही. बर्फाला सुरुवात करायला काहीतरी कण लागतो. भुंगेऱ्याच्या पोटात कणच नाही, म्हणून तो चांगल्या थंडीतही आतून पातळ राहतो आणि वसंतात ताजातवाना होऊन तुझ्या शेतावर येतो.

आता दुधाचं उदाहरण घे. विरजण लावलं नाही तर दही लागत नाही. पानांवर राहणारा एक साधा जिवाणू आहे, तो बर्फाचं विरजण आहे. त्याची वाळवलेली पूड पाण्यात कालवून फवारली आणि ती भुंगेऱ्याच्या अंगात गेली, की ज्या थंडीत तो घोरत पडला असता त्याच थंडीत तो आतून गोठतो. हे विष नव्हे. गांडुळांवर करून पाहिलं, त्यांना काही झालं नाही.

प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये हे जमलंय. खऱ्या मातीत, खऱ्या हिवाळ्यात अजून नाही. भुंगेऱ्यांच्या चार पेट्या पुरायला मला तुझ्या खालच्या शेताचा एक कोपरा दे आणि बेण्याला वसंतापर्यंत हात लावू नकोस. एवढंच मागते.

काकांना नमस्कार. तुझा माझ्यावरचा लोभ शेतापेक्षा जास्त आहे, हे गृहीत धरून लिहिते आहे.

तुझी,
मुंगी


१४ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
अ. आ.

इतकी वर्षं पुस्तकं वाचलीस, रात्रीचे दिवस केलेस आणि शेवटी विरजणावर आलीस होय. तेवढं मी तुला आमच्या ओट्यापाशी उभं करून शिकवलं असतं. लहानपणी पायरीवर पालथी पडून मुंग्या बघत बसायचीस, तेव्हाच तुझ्या बाबाला म्हटलं होतं की ही मुलगी माणसांत बसायची नाही. तो हसला होता. आता रडतो का विचार.

पण राग आला असं लिहिलंस म्हणून मीही सरळ लिहिते. हे बेणं माझ्या सासूबाईंनी मला दिलं. बाजारात हा बटाटा मिळत नाही. पिवळा, बोटाएवढा, खोल डोळ्यांचा, सोलायला नुसता वैताग. पण उकडल्यावर त्याला जी चव आहे ती दुसऱ्याला नाही, आणि एक वर्ष जमिनीत गेला नाही की तो संपला. आमच्याशिवाय कोणाकडेही तो उरलेला नाही. मी काय हौस म्हणून सोडते आहे का? यंदा सकाळी खाली गेले तर रोपांचे नुसते दांडे उभे होते. पानं नाहीत. मी बांधावर बसून रडले आणि घरी येऊन कांदा चिरत होते असं सांगितलं. तुझ्या काकांनी ते खरं मानलं, कारण त्यांना विचारायला आवडत नाही. पुन्हा एकदा ते बघायचं माझ्यात बळ नाही, मुंगे.

तरी कोपरा घे. विहिरीजवळचा घे, तिथली माती हलकी आहे. माझ्या अटी दोन. इथे येशील तेव्हा लोकरीचे मोजे घालून यायचं. आणि वसंतात ज्या दिवशी तुझ्या पेट्या उघडतील त्याच दिवशी निकाल लागेल. बेणं त्या दिवशी एक तर मातीत जाईल, नाही तर पातेल्यात. त्यानंतर मला समजावत बसायचं नाही.

आणि एक शंका. तुझं हे विरजण उडून तळघरात गेलं तर माझं बेणंही गोठेल का? हसू नकोस, उत्तर दे.

तुझ्यावरचा लोभ मोजून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. सगळाच घे.

तुझी,
आत्या


२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडून परत सुखरूप पोचले. पिशवी उघडली तर माझ्या कपड्यांवर दोन स्वेटर जास्तीचे निघाले, त्यातला एक तर काकांचा आहे. ते थंडीत काय घालणार आहेत?

तुझं घर बघून मी वाटभर हसत होते. पंपाला जुनं ब्लँकेट, नळाला गोणपाट, सायकलच्या बसायच्या जागेला कानटोपी. कोंबड्यांच्या खुराड्याला तू पडदा लावलायस, तोसुद्धा अस्तराचा. काका म्हणाले की ते खुर्चीत जास्त वेळ बसले तर त्यांच्यावरही काहीतरी घातलं जातं.

आता कामाचं. चारही पेट्या जमिनीत बसल्या आहेत, वर जाळीची झाकणं. तुझ्याच शेतातले भुंगेरे आहेत, पाहुणे कोणी नाही. निळ्या झाकणाच्या दोन पेट्यांत विरजण फवारलेले, पांढऱ्या झाकणाच्या दोन पेट्यांत नुसत्या पाण्याचे. वसंतात निळ्यांतले मेलेले आणि पांढऱ्यांतले जिवंत निघाले, तर आपण जिंकलो. काकांना मातीचा थर्मामीटर दिला आहे, त्यांनी रोज आकडा बघायचं कबूल केलंय. तुला एकच काम आहे, ते म्हणजे काही न करणं. पेट्यांना कोणी हात लावायचा नाही.

तळघराची शंका चांगली आहे आणि मी हसले नाही. पूड मातीत बसते, उडत नाही. आणि तुझं तळघर गोठायच्या आसपासही जात नाही. बेणं सुरक्षित आहे, तू पातेलं काढत नाहीस तोपर्यंत.

लोभ आहे तितका असू दे. स्वेटर मात्र आणखी पाठवू नकोस.

तुझी,
मुंगी


९ डिसेंबर

चि. मुंगीस,
अ. आ.

इकडे सगळे ठीक. हिवाळा म्हणावा तसा नाही. सकाळी बादलीत बर्फाचा पापुद्रा धरतो आणि दहाच्या सुमाराला विरघळतो. तुझे काका रोज थर्मामीटर बघायला जातात आणि डॉक्टरसारखं तोंड करून परत येतात. मला ताप आला होता तेव्हा इतक्या तत्परतेने कोणी बघितला नव्हता. शेजारच्या शिवणवालीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा उंच आहे, दारातून वाकून येतो. कोंबड्या अंडी देत नाहीत, पण खायला कमी करत नाहीत.

गेल्या आठवड्यात एकदम वारा सुटला. उत्तरेकडून असा आला की तुझ्या पेट्यांच्या जाळ्या शिट्ट्या मारायला लागल्या. मला काही बसवेना. पोरीची इतक्या वर्षांची मेहनत, लाकूड तडकलं तर? मग जाऊन उत्तरेच्या बाजूच्या दोन पेट्यांवर चांगला हातभर पेंढा पसरला, एका निळ्यावर आणि एका पांढऱ्यावर. बाकीच्या दोघींना पेंढा पुरला नाही, पण त्या आडोशाला आहेत. तू हात लावू नका म्हणाली होतीस, म्हणून हात अजिबात लावला नाही. दाताळ्याने पसरला. आता तू निर्धास्त राहा.

तुझ्या बाबाला म्हणावं पत्र लिही. तुझ्याकडून पत्र यायला उशीर झाला तर लोभ आटला असं समजेन.

तुझी,
आत्या


१५ डिसेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र कृपा करून तुम्हीच वाचा.

आत्याने दोन पेट्यांवर पेंढा घातल्याचं कळलं. काका, अख्खा प्रयोग थंडीचा आहे. पेंढ्याखाली माती गार होणारच नाही, मग विरजण असून काय उपयोग? दूध उकळत ठेवून दही लागायची वाट बघण्यासारखं झालं. निळ्या दोनच होत्या, त्यातली एक गेली. असा हिवाळा, हातात उरलेली एकच पेटी, आणि तिचा निकाल कोणी धरेल का हेही मला माहीत नाही. मी काल आत्याला एक पत्र लिहिलं आणि फाडून टाकलं, कारण त्यात मी फार वाईट बोलले होते.

पेंढा अजून तसाच आहे का? अलगद काढता येईल का? आत्याला काही सांगू नका. तिला कळलं तर ती स्वतःला बोल लावत बसेल, आणि बेण्याचं काय करेल ते तुम्हाला माहीत आहे.

लोभ असावाच, पण गुपितही राहावं.

आपली,
मुंगी


२१ डिसेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

पत्र मिळाले. माझा चष्मा तुझ्या आत्याकडे असतो, त्यामुळे ते तिनेच मोठ्याने वाचले. गुपित राहिले नाही.

पेंढा भिजून पेट्यांच्या जाळीला चिकटला आहे. ओढला तर खालची माती हलेल असे वाटते. ओढलेला नाही.

तुझी आत्या तीन दिवस कमी बोलते आहे. खुराड्याचा पडदा तिने काढून ठेवला. मला हे बरे वाटत नाही. तू तिला लिही.

थर्मामीटर रोज बघतो. लोभ आहे, लिहिता येत नाही एवढेच.

तुझे,
काका


२८ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी खुराड्याचा पडदा परत लाव. कोंबड्यांचा यात काय दोष?

आता ऐक. तुझं पत्र घेऊन मी आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले. या बाई वर्षातून एकदा हसतात, तेही कोणाचा सेवानिवृत्तीचा कार्यक्रम असला तर. मी घडलं ते सांगितलं आणि दाताळ्याची गोष्ट ऐकून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी फळ्यावर चार चौकोन काढले. निळी उघडी, निळी झाकलेली, पांढरी उघडी, पांढरी झाकलेली. म्हणाल्या, शेतात पाला राहतो, गवत राहतं, बर्फ साचतो, आणि उघड्या मातीवरच प्रयोग करून आपण कोणाला फसवत होतो? झाकलेल्या मातीत काय होतं, हा दुसरा प्रश्न पुढच्या वर्षी मांडायचा होता. तुझ्या आत्याने वर्ष वाचवलं, फक्त आपल्याला न विचारता.

उत्तरेकडची एक निळी आणि एक पांढरीच झाकली गेली, हा निव्वळ योगायोग. तू दोन्ही निळ्या झाकल्या असत्यास तर मी आज प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून हेच पत्र रडत लिहिलं असतं. आणि चूक माझीही आहे. ज्या घरात सायकल कानटोपी घालते त्या घराला पेट्या झाकू नका असं शब्दांत सांगायला हवं होतं. हात लावू नका एवढ्यावर भागत नाही.

म्हणून पेंढा आहे तसाच राहू दे. सोबत दुसरा थर्मामीटर पाठवते आहे, तो काकांनी पेंढ्याच्या कडेतून आत सरकवायचा. आता आपल्याला फक्त खरी थंडी हवी. भुंगेऱ्याला नुसत्या थंडीने मारायला फार कडक हिवाळा लागतो. विरजण लागलेल्याला त्याच्या अर्धी पुरेल, पण निदान अर्धी तरी पडायला हवी. तेवढीही पडली नाही तर चारही पेट्यांतले तुझे पट्टेवाले वसंतात हात हलवत बाहेर येतील.

रागावले होते, हे खरं. आता नाही. तुझ्या मायेवर मी वाढले आहे, तिच्यावर रुसून किती दिवस राहणार?

तुझी,
मुंगी


२५ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

पडदा लावला. कोंबड्यांनी आभार मानले नाहीत.

जन्मभर मी थंडीला शिव्या घातल्या आणि आता तिची वाट बघते आहे. सकाळी उठले की आधी बादलीकडे जाते. पाणी हललं की माझं डोकं फिरतं. परवा शिवणवाली म्हणाली यंदा हवा कशी छान उबदार आहे, तर मी तिच्याशी भांडलेच. तुझे काका सांगत होते की मी झोपेत गोठ, गोठ म्हणते. त्यांना वाटलं त्यांनाच म्हणते.

पण मुंगे, शेवटी आली. गेल्या मंगळवारी आकाश काचेसारखं निरभ्र झालं आणि चार दिवस हललं नाही. बादली तळापर्यंत धरली. पंप ब्लँकेटसकट गोठला. काकांच्या मिशीवर पांढरं आलं, म्हणजे आहे त्याहून जास्त. उघड्या मातीतला थर्मामीटर शून्याच्या चांगला खाली चार घरं उतरला. पेंढ्याखालचा शून्यालाच चिकटून बसला, म्हणजे माझं पांघरूण किती चांगलं असतं ते तुझ्या बाईंना सांग. मी खाली विहिरीजवळ उभी राहून उघड्या निळ्या पेटीकडे बघत होते. स्वेटर न घातलेल्या लेकराकडे बघावं तसं झालं. चार वेळा हात पेंढ्याकडे गेला. घातला नाही. माझ्या आयुष्यात मी उघडं ठेवलेली ही पहिली वस्तू.

तळघरातलं बेणं फुटायला लागलंय. कोंब नखाएवढे आले. त्याला फार दिवस थांबवता येणार नाही, ते माणसासारखं समजूतदार नाही. मी टोपलीकडे बघत नाही. बघितलं की आशा वाटते.

मार्चअखेर ये. येताना बूट चांगले घाल. लोभ गोठलेला नाही, त्याला विरजण लागत नाही.

तुझी,
आत्या


१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हसायचं नाही, आधी वचन दे. प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी उरलेल्या बर्फावरून घसरले आणि पायाचं हाड मोडलं. किडे गोठवणारी बर्फावरून पडली म्हणून सगळे खूश आहेत. तू सांगितले होतेस तसे बूट पायात नव्हते, हेही सांगून टाकते. प्लास्टर मांडीपर्यंत आहे, प्रवास बंद.

त्यामुळे पेट्या तुलाच उघडाव्या लागतील. माती गरम झाली असं काका म्हणाले की उघड. प्रत्येक पेटीतली माती चाळणीने चाळायची, भुंगेरे वेगळ्या ताटलीत ठेवायचे. एक सांभाळ. थंडीतून नुकताच निघालेला जिवंत भुंगेराही मेल्यासारखा पडून असतो. घाईने निकाल देऊ नकोस. त्यांना ऊब दे आणि वाट बघ.

ऊब कशी द्यायची हे तुला शिकवायला नको. पहिल्यांदाच मी तुला झाकायला सांगते आहे.

जे निघेल ते खरं लिही, माझ्या पायाकडे बघून गोड करू नकोस. आणि जे निघेल त्यानंतर मी तुला समजावणार नाही. ती अट मला आठवते.

लोभ असू दे, निकाल काहीही लागो.

तुझी,
मुंगी


२ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

हसले. वचन दिलं नव्हतं.

काल पेट्या उघडल्या. आधी काय केलं ते सांगते, म्हणजे तू रागावशील ती आत्ताच. मी सकाळी तुझ्या काकांना बेण्याची टोपली तळघरातून वर आणायला सांगितली आणि मोठं पातेलं पाणी घालून शेगडीवर चढवलं. पेट्या उघडायच्या आधीच. माझा स्वभाव मला माहीत आहे. आशा लावून बसले असते तर नंतर पाणी ठेवायला हात उठला नसता. काकांनी टोपली आणली, पण शेगडीपासून लांब, दाराशी ठेवली.

मग चाळत बसलो. चार ताटल्या केल्या आणि मनात म्हटलं, संपलं. कारण चारही ताटल्यांतले सगळे सारखेच पडलेले, पाय वर. निळे काय आणि पांढरे काय. काकांनी टोपलीकडे बघितलं, मी पातेल्याकडे. तेवढ्यात तुझं ऊब दे आणि वाट बघ आठवलं. ताटल्या खिडकीशी उन्हात मांडल्या. पुरेसं वाटेना म्हणून प्रत्येकीवर हातरुमाल घातला. ज्यांनी माझं शेत खाल्लं त्यांना पांघरूण घालून मी समोर खुर्ची घेऊन बसले. बघ काय वेळ आणलीस.

पहिला हलला तो पांढऱ्या झाकलेल्या पेटीतला. मग पांढरी उघडी. रुमालाखाली खसखस सुरू झाली. मग निळी झाकलेली पेटी, तुझी वाया गेलेली. तिच्यातलेही थोडे सोडून बाकी सगळे उठले आणि एक तर रुमालाबाहेर येऊन टेबलावर फिरायला लागला. काका त्याला वाटीखाली धरायला धावले, गुडघ्याची तक्रार न करता.

चौथ्या रुमालाखाली काही नाही. मी थांबले. ताटली उन्हाबरोबर सरकवत नेली. फुंकर घातली, काडीने पाय हलवून पाहिले. पोटं मऊ पडली होती, रंग उतरला होता. उघड्या निळ्या पेटीतला एकही उठला नाही, मुंगे. एकही नाही. शेजारच्या ताटलीत त्यांचीच भावंडं नाचत होती, त्याच हिवाळ्यातून आलेली, त्याच मातीतली. फरक एवढाच की यांना विरजण होतं आणि यांच्यावर माझं पांघरूण नव्हतं. दोन्ही गोष्टी लागतात. हे तुझ्या बाईंना तू सांगच, पण मला कोणी सांगायला नको, मी डोळ्यांनी बघितलं.

काकांनी विचारलं, रडतेस का. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं. मी हो म्हणाले. कांदा नव्हताच.

तेवढ्यात जळका वास आला. पाणी केव्हाच आटलं होतं. पातेल्याचा तळ काळा होऊन बाहेर फुगलाय, आता ते टेबलावर डुगडुगतं.

बेणं आम्ही दुपारी लावलं. खालच्या शेतात नाही, तिथे अजून न फवारलेले पाहुणे झोपलेत, तेवढं मलाही कळतं. घराच्या पाठीमागे दोन ओळी, बेणं टिकण्यापुरत्या. यंदा पट्टेवाले मी आणि काका हाताने वेचणार, वर बारीक जाळी घालणार. हिवाळ्याआधी खालचं सगळं शेत तू फवारायचं. पाला, पेंढा, गवत मी स्वतः झाडून काढीन आणि माती उघडी ठेवीन. मी, हे लिहिते आहे मी, याची नोंद घे.

तुझ्या पेट्यांवरचा पेंढा सध्या बटाट्याच्या ओळींवर आहे. रात्री अजून गारठा असतो. तिथे घातलेला चालतो ना, की बाईंना विचारावं लागेल?

पाय बरा झाला की ये. पहिले बटाटे निघतील तेव्हा तुझ्या वाटचे बाजूला ठेवीन, बाकी पुढच्या वर्षीचं बेणं. फक्त येताना एक मोठं पातेलं घेऊन ये. आमच्याकडे आता उकडायला भांडं नाही.

तुझी,
आत्या